आमच्या संघात म्हातारं कोणी नाही

पुण्यातल्या कोणत्याही ज्येष्ठ नागरिक संघात पाच मिनिटं बसलात तरी एक गोष्ट लक्षात येते. तिथे म्हातारं कोणीच नसतं. साठीचे लोक सत्तरीच्यांना म्हातारं समजतात, सत्तरीचे ऐंशीच्यांना, आणि ऐंशीचे आजोबा "आमच्या शेजाऱ्यांचं आता वय झालंय हो" असं ज्यांच्याबद्दल हळहळून सांगतात, ते शेजारी चौकशीअंती अठ्ठ्याहत्तरचे निघतात.

साठी भरल्यावर मी आमच्या भागातल्या संघाचा सभासद झालो, तेव्हा माझं जे स्वागत झालं तसं माझ्या लग्नातही झालं नव्हतं. कारण तासाभरात कळलं. सभा संपली आणि अध्यक्ष म्हणाले, "चला, आता तरुण मंडळी खुर्च्या उचलतील." मी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती.

माणूस म्हातारा नेमका कधी होतो याबद्दल सरकारचंही एकमत नाही. आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा २००७ चा कायदा म्हणतो, साठाव्या वर्षी. एसटी म्हणते, पासष्टला अर्धं तिकीट, आणि २०२२ पासून पंचाहत्तरला प्रवास फुकट. आयुष्मान कार्ड उत्पन्न न विचारता मिळायचं तर सत्तर पूर्ण हवीत. रेल्वे पूर्वी पुरुषांना साठाव्या आणि बायकांना अठ्ठावन्नाव्या वर्षी सवलत द्यायची. मार्च २०२० मध्ये ती थांबली ती थांबलीच. म्हणजे रेल्वेच्या हिशेबाने तेव्हापासून या देशात कोणी म्हातारं झालेलंच नाही. या विषयावरचा निषेधाचा ठराव आमच्या सभेत दरवर्षी एकमताने मंजूर होतो. सूचक आणि अनुमोदक तेवढे बदलतात.

महाराष्ट्रात असे संघ गावोगाव आहेत आणि १९८० पासून त्यांचा 'फेस्कॉम' हा महासंघही आहे. बाहेरच्याला वाटतं, इथे भजन, सहल, वाढदिवस आणि रक्तदाब तपासणी यांपलीकडे काही चालत नसेल. तेही चालतं, नाही असं नाही. 'आनंदी वार्धक्य' या विषयावर चाळीस वर्षांच्या वक्त्याचं व्याख्यानही चालतं. पण वडा खाताना कोपऱ्यात जे कुजबुजून चालतं तो खरा विषय एकच असतो: शेवटपर्यंत आपल्याच घरात कसं राहायचं. वृद्धाश्रम नको. मुलाकडे अमेरिकेत जाऊन खिडकीतून बर्फ बघत बसायचंही नको. आपलं घर, आपली गॅलरी, आपला खुर्चीला पडलेला खळगा, आणि पाणी किती वाजता येतं हे पाठ असलेला आपला नळ. एवढंच हवं. त्यासाठी हाकेच्या अंतरावर कोणीतरी लागतं. मुलगा सनीव्हेलला, मुलगी सिंगापूरला, म्हणजे हाक फार लांबची झाली.

म्हणून संघाने मदतगट काढायचं ठरवलं. चिटणिसांनी नवी वही आणली, दोन पानं आखली. एकावर शीर्षक 'मदत करू इच्छिणारे', दुसऱ्यावर 'मदत हवी असलेले'. वही आठवडाभर वाचनालयाच्या टेबलावर ठेवली. आठवड्याने पहिलं पान भरून समासात नावं गेली होती. काठी घेऊन चालणाऱ्यांनी 'रुग्णासोबत धावपळ' यापुढे सही केली होती. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी 'फोनवर चौकशी' हे काम मागून घेतलं होतं. दुसऱ्या पानावर एकच नाव होतं, आणि तेही दुसऱ्याच कोणाच्या तरी अक्षरात. ज्यांचं होतं त्यांनी ते खोडून पहिल्या पानावर लिहिलं होतं आणि खाली ठळक रेघ मारली होती.

ही पुण्याचीच तऱ्हा आहे असं समजू नका. मदत द्यायला माणूस केव्हाही तयार असतो, घ्यायला तयार होत नाही. घेतली की आपण दुसऱ्या पानावर गेलो. त्या पानावरून परत येणारी माणसं फारशी कोणी पाहिलेली नाहीत.

आमचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक आहेत. कोऱ्या उत्तरपत्रिका पाहण्यात त्यांची हयात गेलेली, तेव्हा ते जराही डगमगले नाहीत. त्यांनी पहिल्या पानावरच्या प्रत्येक मदतनिसाला त्याच पानावरचा दुसरा एक मदतनीस नेमून दिला आणि दर माणसाला बाजूला घेऊन सांगितलं, "रोज सकाळी सात ते आठमध्ये एक फोन करायचा. पण त्यांना कळू देऊ नका हं. फार मानी आहेत. सहज केलाय असं दाखवा."

तेव्हापासून सकाळी सात ते आठ आमच्या भागातल्या निम्म्या लोकांचे फोन व्यग्र असतात. जो तो कोणाची तरी गुपचूप काळजी घेत असतो. चौऱ्याऐंशी वर्षांचे गणिताचे मास्तर एकोणऐंशी वर्षांच्या एका आजींना फोन करतात. महिन्याच्या अहवालात मास्तरांनी लिहिलं, "आवाज ठणठणीत. मात्र थोड्या एकट्या पडल्यासारख्या वाटतात. म्हणून मुद्दाम दहा मिनिटं बोलतो." आजी माझ्या बायकोला भाजी घेताना म्हणाल्या, "मास्तर एकटे असतात गं. सकाळी त्यांचा फोन येतो तेव्हा मी मुद्दाम दहा मिनिटं बोलते. तेवढाच त्यांना आधार."

या साखळीची चेष्टा मीही करत होतो. मग एका सकाळी आजींनी फोन उचलला नाही. मास्तरांनी पुन्हा लावला, तिसऱ्यांदा लावला, आणि स्वतः जिने चढण्याचा वेडेपणा न करता वॉचमनला फोन केला. वॉचमनने समोरच्या घरातून किल्ली घेतली. आजी न्हाणीघरात घसरल्या होत्या. आतून कडी घातलेली नव्हती, कारण आदल्याच महिन्यात 'न्हाणीघराची कडी' या विषयावर आमच्याकडे पाऊण तासाचं व्याख्यान झालं होतं आणि त्यानंतरच्या प्रश्नोत्तरांत कड्यांचे प्रकार, त्या बसवणारे सुतार आणि त्या सुतारांचे स्वभाव यावर आणखी अर्धा तास गेला होता. मनगटाच्या हाडावर निभावलं. प्लॅस्टरमधला हात घेऊन आजी संघात आल्या तेव्हा म्हणाल्या, "पडले त्याचं काही नाही हो. पण तिथे पडल्या पडल्या एकच मनात येत होतं, सात वाजून गेले, आता मास्तरांशी कोण बोलणार?"

आमचे खजिनदार या विषयावर खूप वाचतात आणि वाचलेलं सगळं सांगतात. त्यांनी एकदा बॉस्टनची माहिती आणली. तिथल्या बीकन हिल या भागातल्या काही शेजाऱ्यांनी, आपल्याला म्हातारपणी हे घर सोडून कुठे जायचं नाही, असं ठरवून २००२ मध्ये 'बीकन हिल व्हिलेज' नावाची संस्था सुरू केली. सभासद व्हायचं, वर्षाची वर्गणी भरायची, मग एक फोन केला की दिवा बदलायला, दवाखान्यात सोडायला, सामान आणून द्यायला कोणीतरी हजर. बरीचशी कामं सभासद आणि स्वयंसेवकच करतात. आज अमेरिकेत अशी दोनशेच्या वर 'व्हिलेज' आहेत. सभागृह भारावलं. मग कोणीतरी विचारलं, "वर्गणी किती?" खजिनदार म्हणाले, "वर्षाला शेकडो डॉलर." यावर जी शांतता पसरली ती एका बाईंनी मोडली. "म्हणजे आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी फुकट करतात ते?"

खालच्या मजल्यावरच्या वहिनी प्रत्येक इमारतीत असतात. त्यांच्या खिडकीतून फाटक दिसतं. कोण कधी गेलं, हातात कसली पिशवी होती, परत येताना पिशवीत काय होतं, हे त्यांना तोंडपाठ असतं. तरुणपणी आपण यांच्या नावाने बोटं मोडतो. कॉलेजातून कोणाच्या स्कूटरवरून आलो हे आईच्या आधी त्यांना ठाऊक असायचं. पण त्याच खिडकीला सत्तरीनंतर लाखाचं मोल येतं. "चौथ्या मजल्यावरचे काका दोन दिवस फिरायला उतरले नाहीत" हे डॉक्टरच्या आधी वहिनींना कळतं. भोचकपणा हा दुर्गुण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी म्हातारपणी बंगल्यात एकटं राहून बघावं.

वहिनींच्याही वरचढ म्हणजे पोळ्यांच्या मावशी. सकाळी पाच घरं, संध्याकाळी तीन. त्यांच्याकडे टॅबलेट नाही, त्यांनी कुठलं प्रशिक्षण घेतलेलं नाही. त्यांच्याकडे पोळ्यांचा डबा आहे. "आजोबा, काल चारातल्या तीन पोळ्या तशाच आहेत. जेवला नाहीत ना?" आजोबा म्हणतात, "भूक नव्हती." मावशी पुढच्या घरात जाऊन सांगतात, तिथून सुनेला फोन जातो, आणि दुपारी आजोबांची साखर तपासली जाते. शहरात आता पैसे घेऊन ज्येष्ठांकडे लक्ष ठेवणाऱ्या कंपन्याही निघाल्या आहेत. त्यांचा तरुण येतो, बूट बाहेर काढतो, अदबीने बसतो आणि विचारतो, "आजोबा, आज तुमचा मूड एक ते दहामध्ये किती?" आमच्या शेजारच्या आजोबांनी विचारलं, "तू यायच्या आधी की नंतर?" तो मुलगा काही वाईट नव्हता. पण उरलेल्या तीन पोळ्या त्याच्या फॉर्ममध्ये कुठे भरायच्या ते त्याला सापडलं नाही.

इथे हसणं जरा बाजूला ठेवतो. या मावशी स्वतः साठीच्या आसपासच्या आहेत. गुडघे त्यांचेही दुखतात. आपल्या घरात राहून म्हातारं होण्याची आमची सगळी व्यवस्था ज्यांच्या पायांवर उभी आहे, त्यांना ना पेन्शन, ना संघाचं सभासदत्व. त्यांना सभासद करून घ्यावं असं मी सभेत सुचवलं. वर्गणीचं काय, असा प्रश्न आला आणि विषय पुढच्या सभेवर गेला. तो अजून पुढच्याच सभेवर आहे.

किल्ल्यांचं प्रकरण वेगळं. एक जादा किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवा, असं प्रत्येक व्याख्यानात सांगतात. आमच्याकडे सगळ्यांनी ठेवली. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी चौथ्यावर दिली, चौथ्यावरच्यांनी दुसऱ्यावर. मग दोन्ही जोडपी मिळून काशीयात्रेला गेली. परत येईपर्यंत दोघांच्याही किल्ल्या अत्यंत सुरक्षित होत्या. एका काकांनी चोरांच्या भीतीने आपल्या किल्लीवर मुद्दाम दुसऱ्याच घराचा नंबर लिहून ठेवला होता. हे त्यांनी कोणालाच सांगितलं नव्हतं, आणि पुढे तेही विसरले. लॅच लावून बाहेर उभ्या राहिलेल्या काकांनी आमची संपूर्ण इमारत त्या एका किल्लीने उघडून पाहिली. शेवटी ती त्यांच्याच दाराला लागली.

परदेशातल्या मुलांनी यावर कॅमेऱ्याचा उपाय काढला आहे. हॉलमध्ये एक, स्वयंपाकघराच्या दारावर एक. मग न्यू जर्सीहून फोन येतो, "आई, काल दुपारी तू झोपली नाहीस." आई म्हणते, "तू रात्री दोनला माझी दुपार बघत बसतोस, तू कधी झोपतोस?" एका काकूंनी कॅमेऱ्यावर क्रोशाचा रुमाल घातला. मुलाने विचारल्यावर म्हणाल्या, "धूळ बसते रे." मुलाचं चुकतं असं नाही. त्याची काळजी खरी आहे. पण आई घसरलीच तर त्या कॅमेऱ्याला जिना चढून येता येणार नाही. मुलाला फोन करायचाच असेल तर तो खालच्या मजल्यावरच्या वहिनींना करावा आणि दिवाळीला त्यांनाही काहीतरी पाठवावं.

नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्या मदतगटाचा हंगाम. पेन्शनरांना हयातीचा दाखला द्यावा लागतो. २०१४ मध्ये 'जीवन प्रमाण' आलं आणि बोटाच्या ठशावर दाखला मिळू लागला. पण जन्मभर भांडी घासलेल्या बोटांवरच्या रेषा यंत्राला दिसेनात. आजी समोर बसून बोलतायत, यंत्र म्हणतंय जुळत नाही. मग चेहऱ्यावरून ओळख पटवण्याची सोय आली. त्यात फोनसमोर डोळे मिचकवावे लागतात. आमच्या संघातल्या एका सभासदाची कॉलेजात जाणारी नात घरोघर जाऊन हे काम करते. अंथरुणाला खिळलेल्या एका आजोबांना ती म्हणाली, "आजोबा, डोळे मिचकवा." आजोबांनी आधी बायकोकडे पाहिलं. आजी म्हणाल्या, "मिचकवा हो, सरकारसाठी आहे."

उरलेले अकरा महिने हयातीचा दाखला व्हॉट्सअॅपवर दिला जातो. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि 'शुभ प्रभात' या चित्रांची तरुण पिढी फार टिंगल करते. माझी पुतणी म्हणते, "काका, या गुलाबांनी माझा फोन भरला." अगं, ते गुलाब तुझ्यासाठी नसतातच. ती हजेरी असते. साडेसहाला ज्यांचा गुलाब येतो त्यांचा साडेसातपर्यंत आला नाही, की गटातले चार जण त्यांना फोन लावतात. एका काकांनी ऐन थंडीत उशिरा उठायचं ठरवलं, तर आठ वाजता त्यांच्या दारात वॉचमन, दूधवाला आणि संघाचे उपाध्यक्ष उभे होते. तेव्हापासून ते साडेसहाला उठतात, गुलाब पाठवतात आणि पुन्हा झोपतात.

२००७ च्या त्या कायद्याच्या नियमांत पोलिसांनाही काम दिलं आहे. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी प्रत्येक पोलिस ठाण्याने ठेवायची आणि महिन्यातून निदान एकदा त्यांना भेटायचं. नियम चांगला आहे. आमच्याकडे एक तरुण हवालदार आला होता. पहिल्या घरात चहा, दुसऱ्या घरात पोहे, तिसऱ्या घरात त्याचं लग्न झालंय का, ही चौकशी. चौथ्या घरातल्या आजींनी त्याची पत्रिका मागितली. ज्येष्ठांची चौकशी करायला आलेला माणूस स्वतःची सगळी माहिती देऊन गेला. ठाण्यात मनुष्यबळ कमी असतं हे खरं, पण तो पुन्हा न येण्याचं तेवढंच कारण असेल असं मला वाटत नाही.

एवढं असूनही आमची साखळी कुठे तुटते ते मला दिसतं. ती चालत्या-बोलत्या माणसासाठी आहे. माणूस अंथरुणाला खिळला की आमच्या लोकांना काय करायचं ते कळत नाही. ते मोसंबी घेऊन जातात. अर्धा तास बसतात, स्वतःच्या पित्ताची हकीकत सांगतात, 'काळजी घ्या' म्हणतात आणि येतात. आजारी माणसाच्या बायकोला तोवर चहा करावा लागतो. असे सहा पाहुणे झाले की तीही आजारी पडते. या बाबतीत आपण केरळकडे बघावं. कोळिकोडला १९९३ मध्ये वेदनाशामक उपचारांची एक संस्था निघाली, त्यातून पुढे मलप्पुरम जिल्ह्यात शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचं धोरणच केलं. गल्लीतली साधी माणसं थोडंसं शिकून घेतात आणि परिचारिकेच्या जोडीने घरोघर जातात. कूस बदलून देतात, जखम बघतात, घरच्यांना तासभर बाहेर जाऊ देतात. मोसंबी कोणी नेत असेल तर मला माहीत नाही, पण चहा मागत नाहीत एवढं नक्की.

हे मी सभेत सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. शिकायला तयार असलेल्यांची यादी करायची ठरली. चिटणिसांनी वही पुढे केली आणि पान पुन्हा समासापर्यंत भरलं. काठीवाले होते, ऐकू न येणारे होते, प्लॅस्टर नुकतंच निघालेल्या आजीही होत्या. यावेळी मात्र मास्तरांनी उठून दुसरं पान उघडलं आणि पहिल्या ओळीवर स्वतःचं नाव लिहिलं. शेजारी कंसात टीप दिली: 'केवळ यादी सुरू व्हावी म्हणून'. त्यांच्या खाली आता अकरा नावं आहेत, आणि अकराही जणांनी तीच टीप दिली आहे.

तुमच्या भागात असा संघ असेल तर वर्गणी भरून टाका, खुर्च्या उचलायला माणूस लागतोच. दुसऱ्या पानावर नाव लिहायला लाजू नका, टीप देण्याची मुभा आहे. पोळ्यांच्या मावशींचा फोन नंबर मुलांना देऊन ठेवा. केंद्र सरकारची ज्येष्ठांसाठीची 'एल्डरलाइन' १४५६७ या क्रमांकावर आहे, फोन फुकट लागतो, सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत. रात्री-अपरात्री रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलिसांसाठी ११२. ते येईपर्यंत समोरचं दार वाजवा, आणि त्यांची किल्ली तुमच्याकडे असेल तर ती कुठे ठेवली आहे ते आजच बघून ठेवा.